हरभरा मरतो तेव्हा मुळांत काय चालू असतं?

रोपविकार

सांवेर, देपालपूर, हातोद या पट्ट्यात डॉलर चण्याला (काबुली हरभऱ्याला) उकठा, म्हणजे मर रोग, लागला की दुकानात पहिला प्रश्न एकच असतो: कोणतं औषध मारू? मी वनस्पतिरोगशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न ऐकला की दर वेळी जीव तुटतो. पानांनी माना टाकल्या तेव्हा खरी झुंज संपलेली असते. ती त्याआधी कितीतरी दिवस जमिनीखाली चालू होती आणि हरभरा ती एकट्याने देत होता. तो ती कशी देतो हे कळलं, तर आपण हात कुठे द्यायचा हेही कळेल. म्हणून हा धागा इथे इंदूरकरांसाठी आणि एकूणच शेतीशी नातं असलेल्या सगळ्यांसाठी काढतोय.

आधी समोरचा कोण ते पाहू. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही मातीतली बुरशी. तिच्या ज्या प्रकारामुळे हरभरा मरतो तो वेगळा, टोमॅटोचा वेगळा, केळीचा वेगळा, जवसाचा वेगळा. पीक नसतं तेव्हा ती जाड कवचाचे बीजाणू करून मातीत पडून राहते. हरभरा न पेरलेल्या रानातही ती 6 वर्षांपर्यंत तग धरते. मुळं वाढताना त्यांच्यातून साखर आणि अमिनो आम्लं झिरपतात. त्यांची चाहूल लागली की बीजाणू जागे होतात आणि धागे मुळाकडे सरकतात.

मुळाचं टोक हे सगळ्यात कोवळं आणि सगळ्यात उघडं ठिकाण. तिथे बुरशी सहज शिरायला हवी, पण बहुतेक वेळा ती तिथे हरते. टोकावरच्या टोपीतून पेशी सतत सुट्या होतात आणि एका चिकट द्रवात मुळाभोवती पसरून राहतात. पूर्वी त्यांना झिजून गळालेला कचरा समजत. त्या जिवंत असतात, आणि बुरशी आली की प्रथिनं आणि स्वतःचा डीएनए बाहेर सोडतात. त्या जाळ्यात बुरशीचे धागे अडकतात. 2009 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी वाटाण्याच्या मुळावर डीएनए कापणारं विकर सोडून पाहिलं, तेव्हा एरवी निरोगी राहणारी टोकं बुरशीला बळी पडली. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जंतू धरायला असंच डीएनएचं जाळं टाकतात, हे 2004 मध्ये कळलं होतं. प्राणी आणि वनस्पती इतक्या दूरच्या, तरी उपाय एकच सुचला, हे मला आजही विलक्षण वाटतं.

टोकाच्या मागे बुरशी भिडली की ओळख पटवण्याचं काम सुरू होतं. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, तेच जे खेकड्याच्या कवचात असतं. झाडात कायटिन नसतं, त्यामुळे ते दिसलं की परका आला हे ठरलंच. झाड कायटिनेज नावाचं विकर सोडून बुरशीच्या भिंतीचे तुकडे पाडतं आणि सात-आठ साखरांच्या लांबीचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावरची ग्राहक प्रथिनं पकडतात. भातात असं प्रथिन 2006 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. यानंतरची घाई मिनिटांत मोजायची: पेशीत कॅल्शियम घुसतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि बुरशी जिथे टोचतेय नेमक्या त्याच जागी आतून कॅलोज नावाच्या चिवट पदार्थाचा थर चढतो. मागून लिग्निन (लाकडाला कडक करणारं द्रव्य) येऊन भिंत टणक होते.

एवढ्यावर भागलं नाही तर विष. निरोगी झाडात ते जवळजवळ नसतंच, हल्ला झाला की बनतं. 1940 मध्ये जर्मनीत म्यूलर आणि बॉर्गर यांनी बटाट्यावर काम करताना ही कल्पना मांडली आणि त्या द्रव्यांना फायटोअ‍ॅलेक्सिन म्हटलं. 1960 मध्ये वाटाण्यातून पिसॅटिन हाती आलं. हरभऱ्यात मेडिकार्पिन आणि माकियाइन बनतात, सोयाबीनमध्ये ग्लायसिओलिन. बुरशीही गप्प बसत नाही. वाटाण्यावरच्या फ्युजेरियमकडे पिसॅटिन निकामी करणारं विकर आहे.

आणि शेवटचा अडसर जलवाहिन्यांचा. बुरशी तिथे पोचली की पाण्याच्या प्रवाहाबरोबर तिचे बारीक बीजाणू वर चढतात. हे थांबवण्यासाठी शेजारच्या जिवंत पेशी नळात फुगा फुगवावा तशा वाहिनीत शिरून फुगतात आणि डिंकासारखा पदार्थ सोडतात. वाहिनी बंद. सहनशील वाणात हे लवकर आणि खाली, मुळातच घडतं. थोड्या वाहिन्या जातात, बाकीच्यांतून पाणी चालू राहतं. नाजूक वाणात हेच उशिरा घडतं, तोपर्यंत बुरशी पुढे गेलेली असते. मग झाड ठिकठिकाणी बुजवत सुटतं आणि स्वतःचंच पाणी तोडून घेतं. उकठ्याचं झाड उभं चिरलं की मधे जी काळपट तपकिरी रेघ दिसते, तिचा बराचसा रंग झाडाच्याच संरक्षक द्रव्यांचा, ती हवेशी संयोग पावून काळवंडतात.

माझं म्हणणं एवढंच. हरभऱ्याकडे शस्त्रं आहेत, कमी पडतो तो वेळ. आपलं वाण, पेरणीची तारीख, पाणी, खत या सगळ्याकडे "झाडाला वेळ मिळाला का" या एका प्रश्नातून पाहिलं पाहिजे. प्रश्न विचारा, जमेल तेवढं लिहितो.

बडोदेकर

वाचनखूण साठवली. आमच्याकडे तुरीच्या मरीचा असाच त्रास आहे, तिच्याबद्दलही लिहा.

सांवेरवाला

सर, नमस्कार. आमची शेती सांवेर तहसिलीत, सोयाबीननंतर डॉलर चना, बरीच वर्षं हाच क्रम. दोन गोष्टी विचारतो.

एक, एकाच ओळीत एक झाड वाळतं आणि वीतभर लांबचं हिरवंगार असतं. बी एकच, पाणी एकच, असं का?

दुसरं, पेरून महिना होत नाही तोवर काही झाडं जातात, काही फुलोऱ्यात जातात, आणि काही घाटे भरताना, तेही फेब्रुवारीत गरमी वाढली की. सगळ्याला आम्ही उकठाच म्हणतो. औषधवाला प्रत्येक वेळी वेगळी पुडी देतो आणि फरक पडत नाही.

रोपविकार

सांवेरवाला भाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे तीन वेगळे रोग एका नावाखाली आहेत आणि झाड तिघांशी वेगवेगळं लढतं.

पेरणीनंतर महिनाभरात, ओल जास्त आणि जमीन गरम असताना, रोप पिवळं पडून मरतंय, उपटल्यावर जमिनीलगतचा भाग कुजलेला आहे, त्यावर पांढरा कापूस आणि कधी मोहरीएवढे गोल दाणे दिसतायत, तर ती स्क्लेरोशियमची खोडकूज. ही बुरशी सोयाबीनच्या अर्धवट कुजलेल्या काडावर पोसते आणि तिथून रोपावर चढते. ती ऑक्झॅलिक आम्ल सोडून पेशींच्या भिंती आधीच ढिल्या करते, म्हणून कोवळ्या रोपाला भिंत टणक करायला सवडच मिळत नाही. इथे झाडाच्या बाजूने आपण करू शकतो ते म्हणजे काड नीट कुजवणं किंवा रानाबाहेर काढणं आणि ओल फार असताना पेरणी न करणं.

झाड हिरवं असतानाच माना टाकतंय, मुळं बाहेरून धड दिसतायत, पण खोड चिरल्यावर आत काळपट रेघ आहे, तर तो खरा उकठा. तो पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांतही येतो आणि फुलोऱ्यातही.

घाटे भरताना, उष्णता 30 अंशांच्या वर आणि जमिनीत ओल कमी, झाड गवतासारखं वाळलेलं, उपटताना सोटमूळ तुटून जमिनीतच राहतं आणि बारीक मुळं गळून गेलेली, तर ती कोरडी मूळकूज. हिची बुरशी मॅक्रोफोमिना, आणि तीच सोयाबीनची कोळशी मूळकूज करते. म्हणजे सोयाबीन-हरभरा या क्रमात फ्युजेरियमला खरिपात हरभरा मिळत नाही, पण मॅक्रोफोमिनाला दोन्ही हंगामांत जेवण मिळतं. पाण्याच्या ताणात झाडाच्या पानांची छिद्रं बंद, साखर कमी आणि संरक्षणाचं काम महाग, त्यामुळे ही बुरशी नेमका तो मोका धरते. फुलोऱ्याआधी किंवा घाटे भरताना एक हलकं पाणी देता आलं तर ते इथे कोणत्याही पुडीपेक्षा मोठं औषध आहे.

आता एकाच ओळीतली दोन झाडं. मातीत बीजाणू सारखे पसरलेले नसतात. गेल्या वेळी जिथे झाड मेलं तिथे त्याच्या मुळाबरोबर ढीगभर बीजाणू राहिले, वीतभर पलीकडे कमी. शिवाय मुळाला कुठे सूत्रकृमीने भोक पाडलं असेल तर बुरशीला सगळे अडसर टाळून आत जायला वाट मिळते. आणि बियाणं घरचं, मिसळलेलं असेल तर दोन झाडांची जनुकंही एक नसतात. जगलेल्या झाडाचं मूळही एकदा चिरून बघा. पुष्कळदा तिथेही खाली थोडी तपकिरी खूण सापडते. त्याच्यावरही हल्ला झालेला असतो, त्याने तो तिथेच अडवलेला असतो.

डॉलरबद्दल वेगळं सांगायला हवं. देशी हरभऱ्याची साल जाड आणि रंगीत, तिच्यात टॅनिनसारखी द्रव्यं भरपूर. काबुलीची साल पातळ आणि फिकी. उगवताना बी फुटतं त्या काळात देशीला जे कवच फुकट मिळतं, ते डॉलरला बीजप्रक्रियेतून द्यावं लागतं. तिथे काटकसर करू नका.

मुळाक्षर

मी इथे लोकमान्य नगरात राहते, अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. लेख वर्गात वाचून दाखवणार आहे. पण एक प्रश्न मुलं नक्की विचारतील, म्हणून आधीच विचारते. हरभऱ्याच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी असतात. ते जिवाणू तर मुळाच्या आत जाऊन राहतात. झाड इतकं सावध असेल तर त्यांना कसं आत घेतं? आणि मुळांशी मैत्रीने राहणारी मायकोरायझा तर बुरशीच आहे, तिच्या भिंतीतही कायटिन असणार!

रोपविकार

मुळाक्षर ताई, या विषयातला मला सगळ्यात आवडणारा प्रश्न तुम्ही विचारलात.

रायझोबियम मुळाजवळ आलं की एक निरोप सोडतं, त्याला नॉड घटक म्हणतात. त्याची रचना 1990 मध्ये उलगडली आणि सगळे थक्क झाले, कारण त्याचा कणा कायटिनचाच निघाला. फक्त लांबी चार-पाच साखरांची, आणि टोकाला एक मेदाम्ल जोडलेलं. म्हणजे शत्रूच्या भिंतीचा तुकडा आणि मित्राचा निरोप जवळजवळ एकाच द्रव्याचे. त्यांना ओळखणारी झाडाची ग्राहक प्रथिनंही एकाच कुटुंबातली आहेत. लांब तुकडा म्हणजे सावध व्हा. आखूड तुकडा आणि त्यावर ठरावीक शेपूट म्हणजे दार उघडा. मायकोरायझाचे निरोपही याच जातीचे असतात. भातात तर एकच प्रथिन दोन्ही कामांत भाग घेतं असं दिसलं आहे.

आधी कोण आलं याबद्दलही वर्गात सांगा. मुळांशी बुरशीचं सख्य फार जुनं आहे. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी इथल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत जुन्या वनस्पतींच्या पेशींत अशा बुरशीच्या फांद्या जपल्या गेल्या आहेत. शेंगवर्गी पिकांनी रायझोबियमसाठी तीच जुनी यंत्रणा वापरली.

शत्रूही हे जाणतात, असं म्हणायचा मोह होतो. टोमॅटोच्या पानावरची एक बुरशी असं प्रथिन सोडते जे कायटिनचे तुकडे स्वतःच गिळून झाडापासून लपवतं. हे 2010 मध्ये सिद्ध झालं.

सेंद्रिय_सिमरोल

रोपविकार सर, माहिती उत्तम, पण एक गोष्ट खटकली. इंदूरमध्ये बसून या विषयावर लिहायचं आणि अल्बर्ट हॉवर्ड यांचं नाव नाही? 1924 मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली, ते तिचे संचालक होते, आणि जगभर गेलेली इंदूर कंपोस्ट पद्धत याच मातीतली. आज तिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: रोग म्हणजे जमीन आणि पीक यांचं काहीतरी बिघडलंय याची खूण. माती जिवंत असेल तर झाड स्वतःला सांभाळतं. मग बीजप्रक्रियेची रसायनं कशाला? आणि पूर्वीच्या देशी वाणांना उकठा लागत नसे, तो सुधारित बियाण्याने आणला.

रोपविकार

हॉवर्ड यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तुम्ही त्यांना इथे आणलंत हे योग्यच. त्यांच्या म्हणण्यातला मोठा भाग नंतर प्रयोगांतून पक्का झाला.

फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोरनार नावाचं गाव आहे. तिथल्या मातीत फ्युजेरियम टाकलं तरी खरबुजाला मर लागत नाही. माती वाफेने तापवली की हा गुण जातो, आणि तापवलेल्या मातीत मूळ माती थोडी मिसळली की परत येतो. म्हणजे गुण सजीवांचा. त्यातला एक सजीव तर फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमच आहे, पण निरुपद्रवी. तो मुळाभोवतीचं अन्न आणि जागा आधीच धरतो, शिवाय झाडाला सावध करतो. स्यूडोमोनास जिवाणू लोह पकडून बुरशीला उपाशी ठेवतात.

सावध करतो म्हणजे काय, तर 1991 मध्ये नेदरलँड्समध्ये कार्नेशनच्या झाडांवर प्रयोग झाला. स्यूडोमोनास मुळाशी दिले आणि फ्युजेरियम थेट खोडात टोचलं. दोघांची गाठ पडली नाही, तरी मर कमी आली. जिवाणूने झाडालाच जागं ठेवलं होतं. ट्रायकोडर्मा, म्हणजे मित्र बुरशी, तेही असंच दुहेरी काम करतं. ते दुसऱ्या बुरशीला वेटोळं घालून खातं, आणि मुळाच्या बाहेरच्या थरात राहून झाडाची तयारी वाढवतं. चांगलं कुजलेलं कंपोस्ट या सगळ्यांचं घर आहे. इथवर मी तुमच्याबरोबर आहे.

पण दोन ठिकाणी नाही.

पहिलं, अर्धकच्चं शेणखत किंवा काड म्हणजे कंपोस्ट नव्हे. हॉवर्ड ढीग पुनःपुन्हा पलटायला लावत आणि सुमारे तीन महिने घेत, ते उगीच नाही. कच्च्या काडावर स्क्लेरोशियम कशी माजते ते वर लिहिलं आहे. सेंद्रियच्या नावाखाली कच्चा माल रानात गेला तर रोपांवर संकट आपणच आणतो.

दुसरं, वाणाचं. जेजी 62 नावाचा हरभरा आहे, एका देठावर दोन घाटे धरणारा. उकठ्याला तो इतका हळवा की जमिनीत रोग आहे का हे पाहायला शास्त्रज्ञ मुद्दाम तो पेरतात. रोगट जमिनीत त्याला कितीही कंपोस्ट घाला, तो जातो. त्याच जमिनीत जेजी 315 किंवा राहुरीचा विजय उभा राहतो. फरक जनुकांचा आहे. आणि ही जनुकं कुठून आली? जुन्या स्थानिक वाणांतूनच. जुन्या रानात सगळी झाडं एकसारखी नसत, म्हणून काही मरत, काही राहत. रोग सुधारित बियाण्याने आणला नाही. वनस्पतिरोगतज्ज्ञ बटलर यांनी तुरीच्या मरीवर 1906 मध्ये लिहिलं आणि हरभऱ्याच्या मरीची नोंद 1918 मध्ये केली, तेव्हा आजचं एकही वाण नव्हतं.

जगलेली झाडं निवडण्याची गोष्ट जवसात सगळ्यात सुंदर आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटाला जवसाची शेतं मरू लागली, जमीन थकली असं लोक म्हणत आणि नवी जमीन मोडत पुढे सरकत. फार्गोच्या एच. एल. बॉली यांनी 1894 पासून एकाच तुकड्यात वर्षानुवर्षं जवस पेरला, रोग मुद्दाम वाढू दिला, मर फ्युजेरियममुळे आहे हे दाखवलं, आणि जी मोजकी झाडं उभी राहिली त्यांचं बी धरलं. त्या तुकड्याला प्लॉट 30 म्हणतात. आज हरभऱ्याची वाणं तपासायला जी मुद्दाम रोगट केलेली शेतं वापरतात, त्यांची परंपरा तिथली.

तापीकाठ

जळगावहून. केळीवाल्यांसाठी हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे. निर्यातीतलं ग्रो मिशेल हे केळं याच कुळातल्या फ्युजेरियमने 1960 च्या आसपास बाजारातून संपलं. त्याच्या जागी कॅव्हेंडिश आलं, कारण ते तग धरत होतं. आता उष्ण कटिबंधी 4 नंबरचा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहारात पोचला आहे. मला विचारायचंय, सहन करणारं वाण अचानक असहाय कसं होतं? झाड तर तेच आहे.

रोपविकार

झाड तेच आहे, बुरशी बदलली. झाडाची दुसरी पाळी अशी चालते: बुरशी आत शिरायला जी प्रथिनं सोडते, त्यांतलं एखादं झाडाच्या जनुकाने ओळखलं तर तीव्र प्रतिकार होतो. फ्लोर या शास्त्रज्ञांनी जवसाच्याच तांबेऱ्यावर काम करून ही जोडी मांडली, झाडात एक जनुक आणि रोगकारकात त्याला जुळणारं एक. टोमॅटोत फ्युजेरियमची ही प्रथिनं जलवाहिन्यांच्या रसातच सापडली. ओळखीचं प्रथिन बुरशीने सोडून दिलं किंवा बदललं की झाडाला ती दिसत नाही, आणि आपण म्हणतो बुरशीची नवी रेस, म्हणजे पोटप्रकार, आली. हरभऱ्याच्या फ्युजेरियममध्ये अशा आठ रेस आहेत, भारतात मुख्यतः 1ए, 2, 3 आणि 4. म्हणून एका भागात टिकणारं वाण दुसरीकडे पडू शकतं.

2010 मध्ये त्याहून धक्कादायक गोष्ट कळली. टोमॅटोच्या फ्युजेरियममध्ये रोग करण्याची ताकद एका वेगळ्या गुणसूत्रात आहे, आणि ते गुणसूत्र निरुपद्रवी फ्युजेरियममध्ये गेलं तर तेही टोमॅटोला मारू लागतं. प्रयोगशाळेत हे घडताना पाहिलं गेलं. केळीचं दुखणं असं की सगळी झाडं एकाच झाडाची पिलं, सगळ्यांची जनुकं तीच. एकाला जे दिसत नाही ते कुणालाच दिसत नाही. बाधित रानातला कंद आणि माती बाहेर जाऊ न देणं एवढंच आज हातात आहे, आणि ते फार मोलाचं आहे.

बडोदेकर, तुमची तूर राहिली. तुरीच्या मरीचं फ्युजेरियम वेगळं, पण झाडाची रीत तीच. तूर ज्वारीबरोबर घेतली तर मर बरीच कमी येते, हे शेतावरच्या प्रयोगांत ठळकपणे दिसलंय. आमच्या माळव्यात सोयाबीन येण्याआधी ज्वारी-तूर असायचीच, तुमच्याकडेही असेल.

हिरवी_गच्ची

सुदामा नगरातली गच्ची, कुंड्यांत टोमॅटो आणि वांगी. टोमॅटोचं झाड दुपारी मलूल, सकाळी ठीक, आणि चार दिवसांत संपलं. हेच का ते? माती फेकून देऊ का?

रोपविकार

ताई, आधी एक सोपी परीक्षा. खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगा. दोन-चार मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली तर तो जिवाणूंचा मर रोग, बुरशीचा नाही. धार नाही आणि आत तपकिरी रेघ आहे, खालची पानं आधी एका बाजूने पिवळी झाली होती, तर फ्युजेरियम.

बियाण्याच्या पाकिटावर व्ही, एफ, एन ही अक्षरं बघा. एफ म्हणजे फ्युजेरियमला तोंड देणारं जनुक, ते टोमॅटोच्या लहान फळांच्या रानटी भावंडाकडून आलंय. व्ही व्हर्टिसिलियम या दुसऱ्या मर आणणाऱ्या बुरशीसाठी, एन सूत्रकृमीसाठी. दुसरी वाट कलमाची. जपानात 1920 च्या दशकापासून कलिंगड दुधी भोपळ्याच्या मुळावर चढवतात, कारण कलिंगडाचं फ्युजेरियम दुधीला ओळखत नाही. वांगं आणि टोमॅटो रानवांग्याच्या मुळावर चढवता येतात.

कुंडीतली माती फेकू नका. मे महिन्यात ओली करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये पातळ थराने घट्ट बांधून चार ते सहा आठवडे उन्हात ठेवा. 1976 मध्ये इस्राएलमध्ये ही रीत शास्त्रशुद्धपणे मांडली गेली. आपल्या गच्चीवरचं मे महिन्यातलं ऊन त्यासाठी पुरेसं आहे. नंतर कुजलेलं खत आणि ट्रायकोडर्मा मिसळा, नाहीतर रिकाम्या मातीत पहिली येणारी बुरशी कोणतीही असू शकते.

सांवेरवाला

सर, सगळं दोनदा वाचलं. ट्रायकोडर्माचा माझा अनुभव वाईट आहे. एका दुकानातून पाकिटं घेतली, ती उन्हात पडलेली होती. बियाण्याला औषध लावलं, त्यावर ट्रायकोडर्मा लावलं, काही उपयोग झाला नाही. दोष कशाचा?

आणि पेरणीचं सांगा. आमच्याकडे ऑक्टोबर लागला की लोक घाई करतात, सोयाबीन निघालं की दुसऱ्याच दिवशी बी जमिनीत.

रोपविकार

पाकीट उन्हात होतं तर आतले जीव मेलेले असणं शक्य आहे. नियमाप्रमाणे ग्रॅममागे किमान 20 लाख जिवंत कण हवेत. तयार केल्याची तारीख बघा, सावलीतलं घ्या. दुसरं कारण जास्त घडतं: औषध कोणतं लावलं होतं? कार्बेन्डाझिम असेल तर त्याने ट्रायकोडर्माच मारलं. दोन्ही हवं असेल तर कार्बोक्सिनसारखं औषध घ्या, त्याच्याशी ट्रायकोडर्माचं जमतं. क्रम असा ठेवा: आधी बुरशीनाशक, कीटकनाशक लागत असेल तर ते, मग किलोला 5 ते 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि पेरणीच्या अगदी आधी रायझोबियम. सावलीत वाळवायचं. रानात टाकायचं ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलं करून, झाकून पंधरा दिवस वाढू द्या आणि मगच पसरा.

सेंद्रिय_सिमरोल यांना रसायन नको असेल तर नुसत्या ट्रायकोडर्मावर चालतं, पण वाण सहनशील हवं आणि रान फार रोगट नको. डॉलर आणि जुनं रोगट रान, दोन्ही एकत्र असताना मी तरी ती जोखीम घ्यायला सांगणार नाही.

पेरणीची घाई हा तुमच्या पट्ट्यातला खरा मुद्दा आहे. उकठ्याच्या बुरशीला 25 अंशांच्या आसपासची माती मानवते. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या गरम रानात ती जोमात आणि रोप कोवळं. माती थोडी निवल्यावर, ऑक्टोबर संपताना किंवा नोव्हेंबर लागताना पेरलं तर बुरशी मंदावते आणि हरभऱ्याला भिंती घट्ट करायला सवड मिळते. फार उशीर केला तर शेवटी गरमीत कोरडी मूळकूज गाठते, म्हणून ओढत नेऊ नका. उन्हाळ्यात खोल नांगरट करा. आणि ज्या तुकड्यात सगळ्यात जास्त मर आहे तिथे दोन-तीन रब्बी गहू घ्या.

सेंद्रिय_सिमरोल

कच्च्या काडाचा मुद्दा मान्य. वाणाबाबत मी अजून तुमच्याशी सहमत नाही. आमच्या रानात देशी हरभऱ्याचं मिश्र बी आहे, ते मी एका कडेच्या पट्ट्यात वेगळं लावतो आणि शेजारी जेजी 315 लावतो. हंगामभर लिहीत राहीन.

रोपविकार

जरूर लावा, दोन्हींना बीजप्रक्रिया सारखीच द्या किंवा दोन्हींना देऊ नका, आणि पट्टे दोन-तीन ठिकाणी आलटून पालटून टाका. नाहीतर माती एका जागी जास्त रोगट असल्याचा दोष वाणावर जाईल.

सांवेरवाला

घरी बोललो. यंदा रस्त्याकडच्या तुकड्यात गहू, मधल्यात डॉलर पण पेरणी सोयाबीनचं काड काढून, उशिराने. सर, मेलेली झाडं उपटून तुम्हाला दाखवायची असतील तर कशी आणू?

रोपविकार

उपटू नका, फावड्याने मुळासकट मातीचा गोळा काढा, ओल्या कागदात गुंडाळा आणि त्याच दिवशी आणा. प्रत्येकाबरोबर शेजारचं जिवंत झाडही हवंच. पुडीवर पेरणीची तारीख, शेवटचं पाणी कधी दिलं ते, आणि गेल्या रब्बीत तिथे काय होतं हे लिहा.